नव्या सायकलचा ब्रेक



आज आम्ही तुमच्याशी सायकलच्या ब्रेकविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, ब्रेकमध्ये बोलण्यासारखे काय आहे? दांडी दाबली की सायकल थांबते." खरे आहे. सायकल थांबते तोवर त्यावर कोणी बोलत नाही. ती थांबली नाही, म्हणजे मग बोलावे लागते. आमच्या घरावर ती वेळ आली. म्हणून आज बोलतो.

आपले पुनावळे पूर्वी लहान गाव होते. १९५४ साली पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला. त्यामागून दुसरे कारखाने आले. आसपासच्या गावची माणसे सायकलवर टांग टाकून कामाला जाऊ लागली. आमचे वडीलही त्यांतलेच. त्यांच्या काळ्या सायकलीला लोखंडी सळीचे ब्रेक होते. दांडी दाबली की सळी ओढली जायची आणि रबराचे तुकडे चाकाच्या रिमवर घासायचे. पण पावसाळ्यात रिम ओली व्हायची, चिखलाने भरायची. मग रबर नुसते घसरायचे. वडील उतार आला की खाली उतरत आणि सायकल हाताने चालवीत नेत. आम्ही विचारले तर म्हणत, "पाऊस आणि उतार, दोघांशी एकदम भांडू नये."

१९९७ साली आपले गाव महापालिकेत गेले. आता शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत. रस्त्यावर ट्रक, टँकर आणि मोटारींची रीघ असते. आणि मुलांना हवी असते ती जाड टायरची सायकल. तिला डोंगरी सायकल किंवा माउंटन बाईक म्हणतात. तिच्या चाकाच्या मधोमध पोलादाची एक गोल, भोके पाडलेली चकती असते. ही डिस्क. चकतीच्या दोन्ही अंगांना दोन लहान पॅड असतात. पॅड ज्या डबीत बसतात तिला दुकानदार कॅलिपर म्हणतात. आपण तिला जबडा म्हणू. दांडी दाबली की जबडा मिटतो, पॅड चकतीला दोन्हीकडून आवळतात आणि चाक थांबते. चकती रिमपेक्षा जमिनीपासून उंच असते. तिला चिखल कमी लागतो. म्हणून हा ब्रेक पावसातही चांगला लागतो.

ब्रेक चांगला आहे. पण त्याची एक अट आहे. ती आम्हाला ठाऊक नव्हती.

आमच्या घरी काय झाले

मागल्या दिवाळीत आमच्या मुलाने बोनसच्या पैशातून नातवाला अशी सायकल घेतली. नातू नववीत आहे. पहिला आठवडा आनंदात गेला. दुसऱ्या आठवड्यात ब्रेक दाबला की चाक ओरडू लागले. किर्रर्र असा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. शेजारची पोरे हसायची.

नातू म्हणाला, "आबा, ब्रेक ओरडतो. दुकानात नेऊ का?"

आम्ही म्हणालो, "अरे, दुकान कशाला? दार करकरले तर काय करतो आपण? तेल घालतो. रहाट करकरला तर काय करायचो? तेलच घालायचो."

घरात शिवणयंत्राच्या तेलाची डबी होती. आम्ही स्वतः दोन्ही चकत्यांवर चार-चार थेंब टाकले. चाक फिरवून तेल सगळीकडे पसरवले. आवाज एकदम बंद झाला. आम्ही खूष झालो. "बघ, झाले की नाही काम?" असे म्हणून डबी फळीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातू शाळेला निघाला. हमरस्त्याखालच्या भुयारी मार्गाकडे उतरताना समोर एक बाई लेकराचा हात धरून रस्ता ओलांडत होती. त्याने दोन्ही दांड्या आवळल्या. सायकल थांबली नाही. वेगही कमी झाला नाही. पोराने हँडल भिंतीकडे वळवले आणि भिंतीवर आदळला. डाव्या मनगटाचे हाड मोडले. बाई आणि लेकरू वाचले.

घरी आल्यावर मुलाने विचारले, "कसा पडलास?" नातू म्हणाला, "मीच जोरात होतो." आम्ही शेजारीच बसलो होतो. आम्हालाही ते खरे वाटले. आम्ही वर त्याला दोन शब्द सुनावलेसुद्धा.

चार दिवसांनी आम्ही सायकल मिस्त्रीकडे नेली. त्याने चकतीवर बोट फिरवले, बोट नाकाशी नेले आणि विचारले, "गुरुजी, याला तेल कुणी लावलं?"

आम्ही म्हणालो, "आम्ही."

तो काही बोलला नाही. त्याने आमच्यापुढे हात धरले आणि म्हणाला, "जरा तळहात घासून बघा."

तळहाताचा प्रयोग

हा प्रयोग तुम्हीही आता इथे बसल्या बसल्या करा. दोन्ही तळहात एकमेकांवर दाबा आणि जोराने घासा. काय होते? हात अडखळतात आणि गरम होतात. घर्षण म्हणतात ते हेच. ब्रेकचे सारे काम एवढेच आहे. सायकलचा वेग तो घासून घासून उष्णतेत बदलतो. म्हणून उतारावरून आल्यावर चकती इतकी तापते की बोट भाजते.

आता घरी जाऊन तळहातांना तेल लावा आणि पुन्हा घासा. हात सुळकन सरकतात. घर्षण गेले. घर्षण गेले म्हणजे ब्रेक गेला.

दाराच्या बिजागरीला घर्षण नको असते, म्हणून तिथे तेल घालायचे. साखळीला नको असते, तिथेही घालायचे. ब्रेकला मात्र घर्षणच हवे असते. तिथे तेलाचा एक थेंबही विष आहे. एका ठिकाणी शहाणपण ठरलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी घात करते, ती अशी.

या सायकलीचा जन्मही ब्रेकच्याच भानगडीत झाला. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात मरीन नावाचा जिल्हा आहे. तिथे १९७६ साली काही तरुणांनी जुन्या जाड टायरच्या सायकलींवरून डोंगरउताराची शर्यत लावली. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या मध्यात असे. उतारावर तो इतका तापायचा की आतले ग्रीस जळून धूर निघायचा. मग घरी जाऊन त्यात पुन्हा ग्रीस भरावे लागे. पुन्हा भरणे याला इंग्रजीत रिपॅक म्हणतात. म्हणून त्या शर्यतीचे नावच रिपॅक पडले. आजची डोंगरी सायकल त्या उतारांवर घडत गेली. तेव्हा मंडळी, ब्रेकची काळजी केवळ आपल्यालाच पडलेली नाही.

आता नव्या सायकलच्या ब्रेकच्या चार तक्रारी आणि त्यांवरचे उपाय सांगतो. मिस्त्रीने आम्हाला शिकवले, नंतर आम्ही माहितीपुस्तक वाचले आणि हाताने करूनही पाहिले.

पहिली तक्रार : ब्रेक नवा, पण लागत नाही

नवा ब्रेक पहिल्या दिवशी पुरता लागत नाही. यात दोष नाही. नव्या जात्याला टाकी लावून ते दळते करावे लागते, तसेच हे आहे. पॅडचा अगदी पातळ थर चकतीवर सारखा बसावा लागतो. तो बसला की पकड येते.

त्यासाठी मोकळ्या, सपाट मैदानात जा. सायकल नेहमीच्या वेगात आणा. मग पुढचा ब्रेक हळूहळू, पण नेटाने दाबा. वेग माणसाच्या चालण्याइतका झाला की दांडी सोडा. चाक गच्च अडकवू नका. असे २० वेळा करा. मग मागच्या ब्रेकने २० वेळा करा. दर खेपेला पकड वाढत जाते, ती हाताला कळते. हे केल्याशिवाय पोराला उतारावर पाठवू नका.

दुसरी तक्रार : ब्रेक ओरडतो

ही तक्रार फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये लँचेस्टर नावाच्या इंजिनियरने १९०२ साली मोटारीच्या डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्यात तांब्याचे पॅड होते. धातूवर धातू घासून ते कर्कश ओरडत. म्हणजे हा ब्रेक जन्मापासून ओरडतो आहे.

आवाज आला की आधी कारण शोधा. चकती ओली असेल तर चार-पाच वेळा ब्रेक दाबल्यावर ती सुकते आणि आवाज थांबतो. ब्रेक नवा असेल तर वर सांगितलेले २० वेळा करा. आमच्या नातवाच्या सायकलला एवढेच हवे होते. जबड्याचे किंवा चकतीचे स्क्रू ढिले असतील तरी थरथर होऊन आवाज येतो. ते घट्ट करून घ्या.

पण ब्रेक ओरडतो आणि लागतही नाही, असे असेल तर समजा की तेल लागले आहे. तेल लावायला आमच्यासारखा आजोबाच लागतो असे नाही. साखळीला तेल घालताना शिंतोडे उडतात. तेलकट बोट लागते. रस्त्यावर सांडलेले डिझेल उडते.

उपाय असा. औषधांच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळते. ते कोऱ्या फडक्यावर घेऊन चकती दोन्ही अंगांनी पुसा. हे विस्तवाजवळ करू नका, ते पेट घेते. ते नसेल तर भांड्यांच्या साबणाच्या पाण्याने चकती धुवा, भरपूर स्वच्छ पाणी ओता आणि कोरडी करा. रॉकेलने पुसू नका. ते तेलकटपणा मागे ठेवते. हात धुण्याचे सॅनिटायझरही नको. पुष्कळ सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असते.

पॅडचे मात्र अवघड आहे. पॅड तेल पितो. वरवर लागले असेल तर पॅड काढून बारीक पॉलिशपेपरवर घासावा. घासताना नाकातोंडावर फडके बांधा. भुकटी छातीत जाऊ देऊ नका. तेल आत मुरले असेल तर पॅड बदलणे हाच उपाय. आमचे दोन्ही चाकांचे पॅड बदलावे लागले.

तिसरी तक्रार : चाक घासत चालते

ब्रेक दाबला नाही तरी खस्स् खस्स् आवाज येतो. चाक जड फिरते. नव्या सायकलीत हे फार वेळा होते. ती खोक्यातून अर्धवट जोडलेली येते आणि दुकानात घाईने पुरी करतात.

आधी चाक पाहा. ते चिमट्याच्या खाचेत सरळ बसले आहे का? सायकल जमिनीवर उभी ठेवा, चाकाचे नट सैल करा, चाक खाचेत पुरते बसू द्या आणि नट पुन्हा घट्ट आवळा. निम्म्या वेळा आवाज एवढ्यानेच जातो. चिमटाही उलटा बसवलेला नाही ना, हे पाहा. तुम्ही सायकलवर बसलात की पुढची चकती तुमच्या डाव्या हाताला दिसली पाहिजे. ती उजव्या हाताला दिसली तर सायकल चालवू नका, दुकानात परत न्या.

तरीही घासत असेल तर जबडा सरकवा. स्वस्त सायकलीत ब्रेक तारेचा असतो. त्यात बहुधा बाहेरचा पॅड हलतो, आतला जागेवर असतो. जबडा ज्या दोन स्क्रूंनी सायकलला बसवला आहे ते थोडे ढिले करा. आतला पॅड आणि चकती यांच्यामध्ये जुन्या पोस्टकार्डाचा स्वच्छ तुकडा घाला. एकाने दांडी दाबून धरावी, दुसऱ्याने दोन्ही स्क्रू आळीपाळीने आवळावेत. मग कार्ड काढा आणि चाक फिरवा. मधे पोस्टकार्डाएवढी फट राहते. तेवढीच हवी.

चाकाच्या दर फेऱ्याला एकदाच घासत असेल तर चकती वाकली आहे. ती हातोडीने ठोकू नका. मिस्त्री ती सरळ करतो किंवा बदलतो.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. फिरत्या चकतीजवळ बोट नेऊ नका. तिच्या भोकांत बोट सापडले तर तुटते. घरात लहान मूल असेल तर चाक फिरवून दाखवण्याचा खेळ करू नका.

चौथी तक्रार : दांडी हँडलला टेकते

दांडी पार हँडलपर्यंत जाते आणि तरी ब्रेक लागत नाही. तारेचा ब्रेक असेल तर तार ढिली झाली आहे. नवी तार पहिल्या काही आठवड्यांत जराशी बसतेच. तार दांडीत शिरते तिथे एक गोल, खाचा असलेला स्क्रू असतो. तो बोटांनी बाहेरच्या बाजूला फिरवा. तार ताणली जाते. तेवढ्याने भागले नाही तर जबड्यापाशी तार सैल करून, ओढून पुन्हा आवळावी लागते. हे काम पहिल्यांदा मिस्त्रीकडून शिकून घ्या.

महाग सायकलीत तारेऐवजी नळीत भरलेले तेल असते. हे तेल बंद नळीतच असते, चकतीवर येत नाही. दांडी मऊ, स्पंजासारखी लागली तर नळीत हवा शिरली आहे. ती काढणे मिस्त्रीचे काम. अशा सायकलला कोणतेही तेल भरू नका. दोन जातींची तेले असतात आणि एकीचे दुसरीत चालत नाही. चाक काढलेले असताना दांडी दाबू नका. दोन्ही पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग चाक बसत नाही.

पॅड झिजले तरी दांडी खाली जाते. धातूच्या पाटीवरचा पॅडचा थर सुमारे १ मिलीमीटर उरला की पॅड बदला. वाट पाहू नका. थर संपला की लोखंडावर लोखंड घासते.

निघण्यापूर्वी

रोज निघताना फक्त दोन गोष्टी करा. पुढचा ब्रेक दाबा आणि सायकल पुढे ढकला. मागचे चाक उचलले पाहिजे. मग मागचा ब्रेक दाबा आणि ढकला. चाक घासले पाहिजे, फिरता कामा नये. अर्ध्या मिनिटाचे काम आहे. आम्ही तेल घातल्यावर हे अर्धे मिनिट दिले असते तर पोराचे मनगट शाबूत राहिले असते.

फळीवरचे पुस्तक

आता शेवटची गोष्ट सांगतो. ती सांगताना आम्हाला लाज वाटते, पण सांगतो.

सायकलबरोबर एक लहान माहितीपुस्तक आले होते. ते इंग्रजीत होते. पण त्यात ब्रेकच्या पानावर एक चित्र होते. तेलाची डबी आणि तिच्यावर मोठी फुली. एवढे चित्र कोणालाही वाचता येते. आम्ही मॅट्रिक झालेले. आयुष्यभर मुलांना "वाचा, वाचा" म्हणत आलो. ते पुस्तक आमच्याच फळीवर, तेलाच्या डबीशेजारी पडलेले होते. डबी घ्यायला आम्ही हात घातला तेव्हा पुस्तक बाजूला सारले, हे आम्हाला अजून आठवते.

तुम्ही नव्याने वाचायला शिकलात. तुमच्यापैकी कितीतरी जण औषधाच्या बाटलीवरचे, खताच्या पोत्यावरचे, विजेच्या डबीवरचे अक्षर अडखळत का होईना, वाचता. आम्हाला अक्षर येत होते, पण आम्ही ते पाहिले नाही. येणे आणि पाहणे यात अंतर आहे. घरात नवी वस्तू आली की तिच्यासोबतचा कागद आधी वाचा. अक्षर कळले नाही तर चित्र पाहा. चित्र कळले नाही तर लेकराकडून वाचून घ्या. त्यात कमीपणा नाही.

नातवाचा हात सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये होता. आता तो बरा आहे. नवे पॅड बसवले त्या दिवशी आम्ही दोघे मैदानात गेलो. तो २० वेळा ब्रेक लावत होता आणि आम्ही मोजत होतो. मोजून झाल्यावर आम्ही त्याला विचारले, "तू घरी खरे का सांगितले नाहीस? तेल आम्ही लावले, हे तुला ठाऊक होते."

तो म्हणाला, "आबा, बाबा तुम्हाला बोलले असते."

त्याने ती गोष्ट कुणाला सांगितली नाही. म्हणून आज ती आम्ही सर्वांसमोर सांगितली.